सात नंबरची रिकामी जागा

मित्रांनो, मी जुनी आहे हे मला दोन हजार चार साली समजलं. तोपर्यंत मी नुसती दुकानात होते.

मी चाकूंची पेटी आहे. विकायची नव्हे, दाखवायची. सागवानी चौकट, पुढं काच, आत लाल मखमल, आणि मखमलीवर तांब्याच्या बारीक तारेनं बांधलेले घडीचे चाकू. सहा वरच्या ओळीत, सहा खालच्या. घडीचा चाकू म्हणजे पातं मिटलं की मुठीत जाऊन बसतं आणि चाकू तुमच्या खिशात. प्रत्येकाशेजारी पितळेचा आकडा. शिरूरच्या बाजारपेठेत ज्ञानदेव आप्पांचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं घर. तिथं भिंतीवर मी. शेतकरी यायचा. त्याला उसाचं कांडं तासायला, सुतळी कापायला, डाळिंबाची फांदी छाटायला चाकू हवा असायचा. माझ्याकडं बघून म्हणायचा, "पाच नंबर दावा." आप्पा खालच्या खोक्यातून पाच नंबर काढून द्यायचे. माझ्यातला चाकू कधी कोणाला मिळाला नाही.

"भिंतीवरचा देव, खोक्यातला परसाद," आप्पा म्हणायचे.

देव म्हटल्यावर पूजा आलीच. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात. त्या दिवशी माझी काच निघायची. आप्पा काडीपेटीतली काडी ओल्या कुंकवात बुडवून प्रत्येक चाकूखालच्या लाकडी पट्टीवर एक बारीक ठिपका द्यायचे. वर्षाला एक. जुना पुसायचा नाही, नवा त्याच्याखाली. घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल तर सण नाही. सण नाही तर काच उघडायची नाही आणि ठिपकाही नाही.

पूजेआधी चाकूंना तेल लावायचं काम मच्छिंद्रचं. तो एकोणऐंशी साली दुकानात लागला. राहायला बौद्धवस्तीत. "पूजा तुमची, तेल माझं, आप्पा," म्हणायचा आणि तारेचे बारा पीळ सोडून, बारा चाकू पुसून, पुन्हा बारा पीळ घालून बाजूला उभा राहायचा. दसऱ्याला त्याची सुट्टी ठरलेली. पांढरे कपडे घालून विहारात. त्याच्या आवडीचा सात नंबर, खालच्या ओळीतला पहिला, काळ्या शिंगाच्या मुठीचा.

"ह्यो मिटताना आवाज करत न्हाई," तो आप्पांच्या मुलीला, भाग्यश्रीला सांगायचा. ती तेव्हा लहान होती. काचेला नाक लावून उभी राहायची आणि माझ्यावर वाफेचा गोल उमटवायची. मी दिवसभर तो गोल जपायचा प्रयत्न करी. जमत नसे.

एक्याण्णवच्या मे महिन्यात मच्छिंद्रला दौंडच्या बाजूला, कुरकुंभला, कंपनीत काम लागलं. निघताना म्हणाला, "आप्पा, बारा वर्सं झाली. सात नंबर द्या की आठवण म्हनून."

"पेटीतला? येडा का रं? खोक्यातला ने."

"खोक्यातला सात संपून चार वर्सं झाली."

"मग आठ ने."

मच्छिंद्र हसला आणि काहीच न घेता गेला.

ऑक्टोबरात नवमी आली. या वेळी आप्पांनी स्वतः, तारा न सोडता, वरवर तेल लावलं, निम्मं धोतराला लागलं. मग त्यांनी ठिपके दिले. बारा चाकू, बारा ठिपके. मित्रांनो, एवढं तुम्ही लक्षात ठेवा. त्या गल्लीत कोणी ठेवलं नाही.

डिसेंबरात भाग्यश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला स्वप्नं पडायची. दचकून उठायची, घामानं भिजायची आणि काय दिसलं ते सांगायची नाही. तिची आई रतनबाई. गरोदर बाईच्या उशाखाली लोखंड ठेवलं की वाईट स्वप्नं जवळ येत नाहीत असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. तिनं विळा ठेवला, मग अडकित्ता ठेवला. स्वप्नांना त्यांचं काही वाटलं नाही.

"आई, तो सातवा दे ना," भाग्यश्री म्हणाली. भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू यायचं. "तो आवाज करत नाही."

"तुझ्या बापाला कळलं तर मला पेटीत बांधतील."

"मग नको सांगूस."

दुपारी आप्पा जेवून आडवे झाल्यावर रतनबाई दुकानात आली. तिनं काच काढली आणि सातव्याचा पीळ सोडला. कात्री नाही, पक्कड नाही. बारा वर्षं मागच्या दारात तांदूळ निवडता निवडता तिनं मच्छिंद्रचे हात पाहिले होते. चाकू पदरात घेतल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी लाकडाची. मला गप्प बसवायला एवढ्याची गरज नव्हती, पण मान दिला म्हणून बरं वाटलं.

पुढच्या आठ रात्री भिंतीपलीकडून दचकण्याचा आवाज आला नाही.

नवव्या दिवशी भाग्यश्री गेली. बाळही गेलं. याहून जास्त मला माहीत नाही. मी दुकानातली, मला भिंत जेवढं सांगते तेवढंच कळतं. आणि त्या दिवशी भिंतीनं फार सांगितलं.

दिवस झाल्यावर दुकान उघडलं आणि रतनबाईनं माझ्या खालच्या ओळीवर शांपूच्या पुड्यांच्या माळा टांगल्या. तेव्हा पुड्यांचे दिवस आले होते. शांपू, खोबरेल, चहा, सगळं जग एकेक रुपयाच्या पुडीत येऊन बसलं होतं. गल्लीतल्या लोकांना कौतुक वाटलं. "बाईला दुःखात बी धंदा सुचतो," असं शेजारचे तात्याबा म्हणाले. त्यांचं भांड्यांचं दुकान आणि ते मनापासून बोलत होते. पुड्यांमागं काय आहे हे रतनबाईला आणि मला माहीत होतं.

जागा रिकामी झाली होती, पण चाकू गेला नव्हता. मखमल तीस वर्षांच्या उजेडानं विटून फिकी गुलाबी झाली होती. सातव्याच्या अंगाखाली मात्र मूळचा लाल रंग शिल्लक होता. मूठ, पात्याचा बाक, सगळं तसंच. चाकू नाही आणि चाकूच दिसतोय. थंडीच्या सकाळी त्या जागेवर, काचेच्या आतून, वाफेचा एक गोल उमटायचा. लहान मुलीच्या नाकाएवढ्या उंचीवर. भिंतीला ओल होती. त्या ओलीमुळं असेल. पण ओल साऱ्या भिंतीला होती आणि गोल एकच होता.

रतनबाई रोज दुपारी यायची, पुड्या बाजूला करायची, बघायची आणि पुन्हा ओढून घ्यायची.

ब्याण्णवला घरात सण नव्हता. त्र्याण्णवच्या नवमीला आप्पांनी पुड्या उतरवल्या, काच काढली, आणि हातातली काडी तशीच राहिली. कुंकवाचा थेंब धोतरावर पडला.

"तार तोडलेली न्हाई," ते म्हणाले. "सोडलेली हाय. ह्यो पीळ एका मान्सालाच ठावा."

गल्ली जमली. चोर कुठल्या वस्तीतला असणार हे गल्लीचं आधीच ठरलेलं होतं, फक्त चोरी व्हायची राहिली होती. ती पण झाली. "जाताना मागत व्हता, मी ऐकलंय," तात्याबा म्हणाले. त्यांनी खरंच ऐकलं होतं. रतनबाई मागच्या दारात उभी होती. तिच्या हातातलं सूप हलायचं थांबलं. आप्पा लेकीच्या मरणानंतर पहिल्यांदाच एवढं मोठ्यानं बोलत होते. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. मच्छिंद्र सुट्टीला आला होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, विहारातून घरी चाललेला. आप्पांनी भर गल्लीत त्याला हाक मारली.

"सात नंबर दे आन् मग पुढं जा."

मच्छिंद्रला आधी चेष्टा वाटली. मग त्यानं आजूबाजूची तोंडं पाहिली. त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. पांढऱ्या कापडाचे दोन रिकामे कान लोंबत राहिले. दोन वर्षांपूर्वी गेलेला चाकू आजच्या खिशात कसा सापडेल, हा विचार कोणाला शिवला नाही. उलट खिसे रिकामे निघाले म्हणजे पोहोचलेला चोर आहे, असं ठरलं.

"आप्पा, पट्टीवरचे ठिपके मोजा," दुकानाची पायरी चढत तो म्हणाला. "मी गेलो मे महिन्यात. त्येच्यानंतर नवमी झाली का न्हाई? सातव्याखाली त्या सालचा ठिपका असंल."

"चोरानं पंचनामा करायचा व्हय? पायरी उतर."

त्याला मोजू दिलं नाही आणि स्वतःही मोजलं नाही. मोजायला मिनिटभर लागलं असतं. त्या मिनिटाची टाळाटाळ दहा वर्षं चालली. गल्लीनं मच्छिंद्रचं नाव सोडून दिलं आणि त्याला 'सात नंबर' म्हणायला लागली. माझ्याविषयीही बोलायचे. सातव्या जागेचा लाल डाग रक्ताचा आहे, अमावास्येला ओला होतो, शाळेतल्या मुलांनी बोट लावलं तर हात वाळतो. रक्त कसलं, तो माझा मूळ रंग. बाकीची मी विटले होते. पण एवढ्या विटलेल्या अंगावर एकच जागा आपला रंग धरून बसली की संशय तिच्यावरच जातो.

त्या नवमीपासून आप्पा दरवर्षी अकरा ठिपके देत राहिले. सातव्यापाशी आले की त्यांची काडी थांबे आणि मग पुढं जाई. दोन हजार सालची शेवटची पूजा. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. जाण्याआधी एका दुपारी माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते आणि म्हणाले, "पोरगी असती तर तिला त्यो ठिपका बघाय लावला असता. तिची नजर चांगली व्हती." रतनबाई मागच्या दारात होती. त्या दिवशीही ती बोलली नाही. त्यानंतर वाफेचा गोल मे महिन्यातही दिसू लागला. मे महिन्यात शिरूरच्या भिंतीला ओल नसते.

आप्पांचा मुलगा सत्यजीत. त्याला दुकानात मोबाइल आणि रिचार्ज कूपनं ठेवायची होती. मला मोडीत द्यायची, की कोणी शौकीन बघायचा, यावर दोन महिने गेले. मग पुण्याहून सुरेखाताई आल्या. जुन्या दुकानांतल्या पाट्या, डबे, नमुन्याच्या पेट्या त्या जमवतात आणि प्रत्येक वस्तू कोणाची, कुठली, कोणत्या सालची ते शोधून चिठ्ठीवर लिहून ठेवतात. मुलगी बघायला यावं तसं सगळं झालं. मला भिंतीवरून उतरवून उजेडात बसवलं, पुढून पाहिलं, पाठमोरी केली.

"ब्रिटिशकालीन आहे," सत्यजीत म्हणाला.

"त्याच्या आधीची असंल," तात्याबा म्हणाले. मला उतरवलंय म्हटल्यावर तेही आले होते. आमच्याकडं आपल्या जन्माआधीचं सगळं ब्रिटिशकालीन, आणि शेजाऱ्याला चढ द्यायची असली तर पेशवेकालीन.

सुरेखाताईंनी भिंग लावून कोपऱ्यातला कागद वाचला. "सिंह छाप घडीचे चाकू. दर एक रुपया पंचाहत्तर न. पै. म्हणजे नवे पैसे. हे सत्तावन्नला आले आणि चौसष्टला त्यांतलं 'नवे' गेलं. म्हणजे ही मधल्या सात वर्षांतली. नक्की साल मात्र कळत नाही."

"पट्टी मोजा, ताई. कळंल."

आवाज पायरीखालून आला. मच्छिंद्र. केस पांढरे झालेले, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. पेटी विकायची निघाली हे त्याला स्टँडवर कळलं होतं.

"मामा, वर या ना," सत्यजीत म्हणाला.

"पायरी उतर म्हनलं व्हतं. चढ अजून कोनी म्हनलं न्हाई. तुमी मोजा, मी हितनं ऐकतो."

सुरेखाताईंना काही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ मोजलं. टाचणीच्या टोकानं, एकेक. एकोणचाळीस. दुसऱ्याखाली एकोणचाळीस. "शेवटची पूजा दोन हजारची ना? मग पहिली बासष्टची."

"साठची," मागच्या दारातून रतनबाई म्हणाली. "दोन सालं मोकळी गेली. सासूबाई गेल्या त्या साली. आन् भाग्यश्री गेली त्या साली."

"म्हणजे एकोणीसशे साठ!" सुरेखाताई खूश झाल्या. मग टाचणी खालच्या ओळीत गेली आणि त्या थांबल्या. त्यांनी पुन्हा मोजलं. "या एकाच्या खाली एकतीसच आहेत. आठ कमी."

 सत्यजीत बोटांवर मोजू लागला. "त्र्याण्णव ते दोन हजार," तो हळूच म्हणाला, "आठ झाली. ब्याण्णवला पूजाच नव्हती. म्हणजे शेवटचा ठिपका एक्याण्णवच्या नवमीचा." त्यानं पायरीकडं पाहिलं. "मामा गेले तेव्हा माझा दहावीचा निकाल लागायचा होता. मे महिना. मामा गेल्यावर पाच महिन्यांनी चाकू इथंच होता."

मच्छिंद्रनं पिशवी खाली ठेवली.

तात्याबा खाकरले. दहा वर्षं एक गोष्ट सांगितलेल्या माणसाला ती सोडणं जड जातं. "आप्पाची नजर अधू झाली व्हती. रिकाम्या जागेला बी ठिपका दिला असंल. कुंकवाचा काय पुरावा?"

आणि मित्रांनो, खरंच, कुंकवाचा काय पुरावा? मला जेवढं सांगता येत होतं तेवढं मी सांगून झालं होतं. पुढचं जिला माहीत होतं ती मागच्या दारात उभी होती. माझ्या काचेत तिचं प्रतिबिंब पडलं होतं, बरोबर त्या लाल जागेवर. तिच्यामागं आणखी कोणीतरी उभं आहे असं मला वाटलं. दार तर रिकामं होतं.

"ठिपका खरा हाय," रतनबाई म्हणाली. "चाकू मी काढला. संक्रांतीच्या आधी. पोरीच्या उशाखाली ठिवला."

"आई?" सत्यजीत म्हणाला.

"ती गेली तवा उशाखालीच व्हता. राखेबरुबर घोडनदीत सोडला. म्हनलं, तिकडं बी तिला सपनं पडू नयेत." ती पुढं आली. "मच्छिंद्राचं नाव निघालं तवा सांगणार व्हते. पन सांगितलं असतं तर ह्यांनी म्हनलं असतं, देव हलवलास म्हनून पोर गेली. त्ये मला ऐकवलं नसतं. मग मी मान्साचं नाव जाऊ दिलं."

सुरेखाताईंच्या हातातली चिठ्ठी अर्धी लिहून झाली होती. 'सिंह छाप, शिरूर, सन १९६०, चाकू अकरा, एक गहाळ.' पेन तिथंच अडकलं.

"गहाळ काय?" रतनबाई म्हणाली. "रतनबाईनं नेला असं लिवा. नाव घालून लिवा."

"जाऊ द्या आता, वैनी," तात्याबा घाईघाईनं म्हणाले. "झालं गेलं. च्या सांगू का? मच्छिंद्र, ये बाबा वर, च्या घे."

"च्या नगं," मच्छिंद्र म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, हे मला जास्त लागलं. "वैनी, दहा वर्सं मी स्टँडवरनं घरी जाताना ह्या गल्लीतनं गेलो न्हाई. नदीच्या कडंनं जातो. पाऊस असला तरी. माझ्या पोरी पन तिकडनंच शाळंला गेल्या. तुमी आत्ता बोललात, त्ये चार भिंतींत. माझं नाव गेलं त्ये गल्लीत."

 रतनबाईनं पदर खोचला, चपला घातल्या आणि ती पायरी उतरली.

"चल," ती म्हणाली. "मधनं चल. कडंनं नगं."

पहिलं दुकान तात्याबांचंच. तात्याबा इथं आणि त्यांची गिऱ्हाइकं तिथं, म्हणून तिनं ते गिऱ्हाइकांना सांगितलं. मग कापडवाला. मग पिठाची गिरणी. गिरणीवाल्याला ऐकू येईना तर ती पट्टा थांबेपर्यंत थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "सात नंबरचा चाकू मी नेला व्हता. मच्छिंद्रानं न्हाई. तू बी त्याला चोर म्हनला व्हतास, म्हनून सांगाया आले." कोणी हसलं, कोणी हात जोडले, एकानं विचारलं कुठला चाकू, तर त्याला बसवून सगळं सांगितलं. मच्छिंद्र शेजारी उभा असायचा, डब्याची पिशवी छातीशी धरून, आणि प्रत्येक दुकानापाशी त्याची मान थोडी खाली जायची. नाव परत घेतानासुद्धा माणसाला लाजवतात. आवाज लांब लांब गेला, वळणावर गेला, आणि मग मला नुसतं कळत राहिलं की अजून चालू आहे.

आता मी पुण्यात सुरेखाताईंच्या खोलीत असते, बिस्किटांचे डबे आणि साबणाच्या पाट्या यांच्या शेजारी. त्या मला महिन्याला तेल देतात. काचेवर वाफ येत नाही. काही सकाळी मी वाट पाहते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगावं अशी रीत आहे. जपा. पण तुमच्याही गावात कोणीतरी असेल, जो जवळचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं घरी जातो. त्याला एकदा विचारा, का म्हणून. आणि तो सांगेल ते मोजून बघा. माझी काच नंतर पुसली तरी चालेल.